गाळलेला काना

यंत्राला सगळं कळायचं. काना तेवढा कळायचा नाही.

बाईच्या दंडातून चमचाभर रक्त घ्यायचं, की दुपारपर्यंत यंत्र सांगून मोकळं व्हायचं : हिला दिवस किती वेळा गेले, कोणत्या साली गेले, मुलगा होता की मुलगी, आणि ते गर्भारपण कितव्या आठवड्यात संपलं. पण संपलं ते कसं? गर्भ पडला, की पाडला? तिथे एवढं खोलीभर यंत्र हात टेकायचं. मग एक कागद छापून यायचा आणि त्यावरचा एक रकाना बाईनं स्वतःच्या हातानं भरायचा असायचा.

नेहमीच्या तपासणीत आलेला शरयू मुजुमदारांचा कागद सहा महिन्यांपासून देवघरात होता, जिवतीच्या तसबिरीमागे. रकाना कोरा होता.

दोन हजार अडतीस सालच्या श्रावणातला तो दुसरा शुक्रवार. मिरजेतल्या त्यांच्या घरी पुरणाचे दिवे लावून झाले होते. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही शरयूताईंचा एक शुक्रवार चुकला नव्हता. उपास, आणि मीठ वर्ज्य. आजूबाजूच्या बायका म्हणत, व्रत करावं तर मुजुमदार वहिनींनी. त्यांनी ते ऐकलं की शरयूताई पदर सारखा करत आणि विषय बदलत.

"मृण्मयी, बस पाटावर."

"आई, मी सत्तेचाळीस वर्षांची वकील आहे. लोक बघतील."

"इथे कोण बघतंय? आणि जिवतीला वय विचारत नाहीत."

लेक हसून पाटावर बसली. शरयूताईंनी तिला ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. लेकरू दूर असेल तर त्याच्यासाठी चारही दिशांना अक्षता टाकायची रीत. श्रीनिवास हैदराबादला होता, म्हणजे खरं तर एक दिशा पुरली असती, पण रीत चारांची होती. चार दिशांना चार चिमटी टाकून झाल्यावर त्यांनी पाचवी चिमूट नेहमीसारखी स्वतःच्या पदराला बांधली. लहानपणी मृण्मयी विचारायची, "ही कुणाला?" उत्तर ठरलेलं होतं, "उरली ती."

मृण्मयीनं पिशवीतून टॅब काढला. "आई, आता माझं काम. हे अक्षर तुझंच ना?"

पडद्यावर एका जुन्या वहीचं पान होतं. निळी शाई, सरळ रेघेत बसवलेली वळणदार अक्षरं. शरयूताईंनी चष्मा लावला, आणि हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"तुमच्या महिला संघटनेचं इतिवृत्त आहे. चौऱ्याण्णव सालचं. तू चिटणीस होतीस," मृण्मयी म्हणाली. "आई, माझ्या अशिलाचा, सगुणामावशीचा जीव या पानावर अडकलाय."

*

गर्भ आणि आई यांच्यामध्ये वार असते. पूर्वी वाटायचं ती भिंत आहे. ती निघाली चाळण. गर्भाच्या काही पेशी त्या चाळणीतून आईच्या रक्तात उतरतात आणि परत जात नाहीत. हाडांच्या मगजात, त्वचेत, काळजात घर करतात आणि चाळीस-पन्नास वर्षं तिथे नांदतात. बाळ जन्माला आलं तरी नांदतात, न आलं तरी नांदतात. मुलाच्या पेशी शोधणं सोपं होतं, कारण त्यांच्यावर पुरुषाची खूण असते. मुलीच्या पेशी आईच्याच पेशींमध्ये मिसळून जातात, त्यामुळे कित्येक वर्षं त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या. नव्या यंत्रानं एकेक पेशी सुटी वाचायला घेतली, आणि लेकीही दिसू लागल्या.

मग पुढचं कळलं. आईचं हृदय जखमी झालं की या पेशी आपणहून तिकडे धावतात आणि हृदयाचा स्नायू होऊ बघतात. डॉक्टरांनी त्या वेगळ्या काढल्या, वाढवल्या, पुन्हा हृदयात सोडल्या. निकामी ठरलेली हृदयं सहा महिन्यांत चालती झाली. उपचाराला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण लोक म्हणायला लागले लेकपेशी.

जिथे औषध तिथे भीती. उद्या औषधासाठी म्हणून कुणी गर्भ राहू देईल आणि पाडेल, असं बोललं जाऊ लागलं. त्यातून खुलाशाचा नियम आला. जे गर्भारपण बाळंतपणापर्यंत गेलं नाही, त्याच्या पेशी वापरायच्या तर बाईनं खुलासा द्यायचा. पडला असेल तर प्रश्न नाही. पाडला असेल तर तो कायद्याप्रमाणे पाडला याचा पुरावा हवा.

सगुणा वायदंडे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आयुष्यभर वाड्यावस्त्यांवर नर्सबाई म्हणून हिंडलेल्या, तिशीत विधवा झालेल्या, मूलबाळ नसलेल्या. हृदय वीस टक्क्यांवर आलं होतं. यंत्राला त्यांच्या रक्तात एकच गर्भारपण सापडलं : चौऱ्याण्णव साल, अकरावा आठवडा. रकान्यात त्यांनी ठणठणीत अक्षरात लिहिलं होतं : "पाडला. सरकारी दवाखान्यात. माझ्या सहीने."

"आणि दवाखान्यात नोंद नाही," मृण्मयी सांगत होती. "नसणारच. एकाहत्तरच्या कायद्याखालचे नियमच तसे आहेत. गर्भपाताचं नोंदपुस्तक पाच वर्षांनी नष्ट करायचं, बाईचं नाव कुणाच्या हाती लागू नये म्हणून. बाईला जपायला केलेली तरतूद, आणि आज तीच तिच्या गळ्याशी आली. त्या वर्षीचा एकच कागद शिल्लक आहे, तुझा. आणि तू लिहिलंयस..."

शरयूताईंना वाचायची गरज नव्हती. तरी लेकीनं वाचलं. "'श्रीमती वायदंडे यांनी स्वतः सभेत सांगितले : गर्भ पडला. विश्रांतीसाठी त्यांना वस्तीकामातून मोकळे करण्यात येत आहे.' समिती म्हणते, तेव्हा पडला म्हणालात, आता पाडला म्हणताय. म्हणजे कुठेतरी चोरून केलेलं लपवलं होतं. अर्ज फेटाळायच्या बेतात आहेत. आणि 'पडला' लिहून मोकळं व्हायला मावशी तयार नाही."

"मग?"

"मग काय! तुझा काना राहिला, आई. घाईत लिहिताना राहतो एखादा. मंगळवारी समितीपुढे येऊन तेवढं सांग. तुझ्यासारख्या बाईच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

पुरणाच्या दिव्यातलं तूप संपत आलं होतं. शरयूताईंनी बोटानं वात पुढे सारली. चटका बसला.

*

त्यांच्या हातून काना कधी राहायचा नाही. शाळेत शुद्धलेखनाची पाटी त्यांचीच फिरायची.

अठ्ठ्याऐंशी साली गर्भलिंग तपासणीवर राज्यात बंदीचा कायदा झाला, त्याच्या आधीची दोन वर्षं शरयूताई पायाला भिंगरी लावून फिरल्या होत्या. पत्रकं त्याच लिहायच्या. कायद्यानंतर डॉक्टरांनी खुणेची भाषा काढली, तीही त्यांनीच उघडी पाडली. "डॉक्टर म्हणाला सोमवारी या, म्हणजे मुलगा. शुक्रवारी या, म्हणजे मुलगी. बायांनो, ही भाषा ओळखा!" ते पत्रक सांगली-मिरजेच्या भिंतीभिंतीवर होतं.

सहा वर्षांनी जिल्ह्याबाहेरच्या एका दवाखान्यात त्या स्वतः टेबलावर पडल्या होत्या. पोटावर थंड मलम होतं. बाहेर सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. घरी तीन वर्षांची मृण्मयी होती. "एक आहे ना, आता एकदा बघून घेऊ," एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या, तेही आवाज न चढवता. नवरा तर काहीच म्हणाला नव्हता. डॉक्टरनं हात पुसले आणि म्हणाला, "शुक्रवारी या हं, वहिनी."

डॉक्टरखेरीज ती भाषा तिथे फक्त शरयूताईंना येत होती. त्या उठून म्हणू शकल्या असत्या, मला कळलं तुम्ही काय म्हणालात. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "किती वाजता?"

कागदावर कारण लिहिलं होतं, संततिनियमनाचं साधन निकामी ठरल्यामुळे. खाली सही त्यांनी केली. घरी आणि संघटनेत सांगितलं, पडलं. बायका हळहळल्या.

सतरा आठवडे झाले होते. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली आणि दूध आलं. पिणारं कुणी नाही आणि दूध थांबेना. सगुणाबाई संघटनेच्या कामाचे कागद द्यायला म्हणून आल्या, आणि एका नजरेत सगळं ओळखून परत गेल्या. तासाभरानं मोगऱ्याची फुलं घेऊन आल्या. फुलं छातीवर ठेवून वरून कापडानं आवळून बांधली. "दोन दिवस सोडू नका. उतरंल," म्हणाल्या. किती आठवडे, कुठे, का, काही विचारलं नाही.

आणि तीन महिन्यांनी सभेत त्याच सगुणाबाई उभ्या राहिल्या.

"मी विधवा हाय, सगळ्यांना ठावं हाय. मला दिवस गेले होते. मी पाडलं. सरकारी दवाखान्यात, कायद्यानं, माझ्या सहीनं. ह्या कायद्याआधी आमच्या वाडीत बाया एरंडाची काडी घालून मरत होत्या. दिल्लीचा कायदा लागू झाला बहात्तरला, आमच्या वाडीत तो अजून चालतच येतोय. आपुन बायांना सांगत फिरतो लाजू नका, मग आपल्यातलं कुणीतरी आधी बोलायला नको का?" आणि त्यांनी शरयूताईंकडे पाहिलं. दटावून नाही. दार उघडून धरावं तसं पाहिलं.

मग कुजबुज सुरू झाली. लग्न झालेली असती तर गोष्ट वेगळी. लोक काय म्हणतील संघटनेला. आधीच त्यांच्या वस्तीतल्या बायांबद्दल... ते वाक्य कुणी पुरं केलं नाही, पण सगळ्यांना कळलं. आणि सगळ्यांनी चिटणिसांकडे पाहिलं.

चिटणिसांनी लेखणी उघडली. 'गर्भ प' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. सगुणाबाईंचा काना लिहिला असता तर तो रोज वही उघडताना दिसला असता. मग स्वतःचाही दिसला असता. त्यांनी तो गाळला, आणि पुढचं वाक्य मायेनं लिहावं तसं लिहिलं. विश्रांतीसाठी.

सगुणाबाई पुन्हा संघटनेत आल्या नाहीत.

*

सोमवारी शरयूताई रुग्णालयात गेल्या. सगुणाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी, पायांवर सूज, पण डोळे जसेच्या तसे.

"या चिटणीसबाई! उपासाचं काय खाऊन आलात की तसंच?"

"सगुणाबाई, मी उद्या समितीपुढे येतेय."

"मृण्मयी म्हणाली. काना राहून गेला म्हणं."

शरयूताई खुर्चीच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "राहून गेला नव्हता."

"मला ठावं हाय की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शरयूताई, तुमची पत्रकं मी गावोगाव वाचून दाखवलीत. एक काना-मात्रा चुकलेली बघितली न्हाई. आणि मोगरा मीच बांधला होता. पोट पडलेल्या बाईचं रडणं येगळं असतं. तुमी रडतच नव्हता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमचा काना मी कसा द्यायचा? ज्याचा त्यानं द्यायचा असतो तो." त्यांना धाप लागली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मी पाडलं, मला त्याची लाज न्हाई. तेव्हाबी नव्हती. माझं पोट, माझी सही. तुमी मात्र मला परत पडायला लावलं. अगदी हात न लावता. ते लागलं बघा."

शरयूताईंची मान खाली गेली, ती वर आलीच नाही.

"एक करा," सगुणाबाई म्हणाल्या. "समितीला उद्या सांगा. आज लेकीला सांगा."

संध्याकाळी मृण्मयी कागद लावत बसली होती. शरयूताईंनी तिला वरण-भात वाढला, तूप वाढलं, लिंबाची फोड ठेवली. मृण्मयी म्हणाली, "आई, तू इतकी का घाबरतेस? एकच वाक्य तर आहे." आणि शरयूताई म्हणाल्या, "ताक घेतेस का?"

*

समितीच्या अध्यक्ष डॉक्टर तांबोळी साठीच्या होत्या. त्यांनी पान दोनदा वाचलं.

मृण्मयी उभी राहिली. "साक्षीदार त्या वेळच्या चिटणीस आहेत. त्या सांगतील की हा लेखनदोष आहे."

"मुजुमदारबाई," डॉक्टर तांबोळी शांतपणे म्हणाल्या, "काना राहू शकतो. पण मग पुढे विश्रांतीसाठी मोकळं केलं असं का लिहिलंत? ते पडला याच्याशी जुळतं. दोन वाक्यं एकाच बाजूला चुकत नाहीत. नुसत्या लेखनदोषाच्या आधारावर मला अर्ज मान्य करता येणार नाही."

सुटकेची वाट तिथेच संपली. शरयूताईंनी टेबलाची कड धरली.

"दोष लेखनाचा नाही. माझा आहे. त्या पाडला म्हणाल्या. कायद्यानं, सरकारी दवाखान्यात, स्वतःच्या सहीनं. मी ऐकलं, आणि मुद्दाम काना गाळला. विश्रांती वगैरे खोटं होतं. आम्ही त्यांना काढून टाकलं."

"कारण?"

मृण्मयी आईकडे बघत होती. वकिलाची नजर गेली होती, उरली होती ती पाटावर बसणाऱ्या लेकीची.

"कारण त्याच वर्षी मीही पाडला होता. मुलगी होती म्हणून. तपासून. ज्या तपासणीविरुद्ध मी पत्रकं लिहिली, तीच करून. आणि सगळ्यांना सांगितलं होतं, पडला. त्या बाईला खरं बोलायला लाज वाटली नाही, आणि मला त्यांचं खरं लिहायलाही लाज वाटली."

डॉक्टर तांबोळींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "हे तुमच्या अंगावर येऊ शकतं, कल्पना आहे ना?"

"आहे."

"मग लिहून द्या."

बाहेरच्या व्हरांड्यात मृण्मयी खांबाला टेकून उभी होती. आई बाहेर आल्यावर तिनं वळून पाहिलं. मग म्हणाली, "पाचवी चिमूट तिची, ना?"

शरयूताईंनी मान हलवली.

"म्हणजे मी पहिली होते म्हणून राहिले." तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते एखादी तारीख सांगावी तसं म्हटलं. "दुसरी असते तर तू मलाही पदराला बांधून फिरली असतीस."

शरयूताईंकडे चव्वेचाळीस वर्षांचे शुक्रवार होते, बिनमिठाचे. त्यातला एकही पुढे करता येईना.

*

तिसरा शुक्रवार आला. शरयूताईंनी पाट मांडला, तो रिकामाच राहिला. दुपारी फोन आला, "रुग्णालयात ये," एवढाच.

सगुणाबाईंच्या खाटेशी मृण्मयी उभी होती. समितीचा आदेश आला होता. अर्ज मान्य. पुढच्या आठवड्यात लेकपेशी सोडायच्या होत्या.

"वाचा, चिटणीसबाई," सगुणाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

शरयूताई वाचू लागल्या. "'साक्षीवरून असे सिद्ध होते की अर्जदार यांनी सदर गर्भ कायदेशीररीत्या प...'" आणि थांबल्या. टंकलेखकानं लिहिलं होतं, पडला.

सगुणाबाई इतक्या हसल्या की नळी निसटली. नर्स धावत आली. "आगं, ऱ्हाऊ दे, आज हसूनच बरी होते मी! सरकारलाबी तुमचीच सवय लागली की, शरयूताई!"

शरयूताईंनी पिशवीतून पेन काढलं. प आणि ड यांच्या मधे बारीक, सरळ काना उभा केला. शेजारी सही केली, तारीख घातली. मृण्मयीनं पाहिलं, आणि वकील असून अडवलं नाही.

"एका कान्याला चव्वेचाळीस वर्षं लावलीत," सगुणाबाई म्हणाल्या. "जोडाक्षर असतं तर मी मेलेच असते."

मृण्मयी हसली नाही. तिनं आपल्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून आईपुढे ठेवला. त्याला हळदीकुंकवाचे डाग होते.

"सकाळी घरी आले होते. तू पूजेची फुलं आणायला गेली होतीस. जिवतीमागे सापडला."

शरयूताईंनी घडी उघडली. तीन ओळी होत्या. एक्याण्णव, मुलगी, जन्म. शहाण्णव, मुलगा, जन्म. आणि मधली : चौऱ्याण्णव, मुलगी, सतरावा आठवडा. तिच्यापुढे रकाना.

त्यांनी लिहिलं : पाडला. काना नीट उभा आहे ना, हे दोनदा पाहिलं.

खाली छापलेलं होतं, कारण. लिहिलं : मुलगी होती.

त्याखाली अजून एक ओळ होती, कोणाच्या सांगण्यावरून. पेन तिथे थांबलं. जपमाळ घेऊन बसलेल्या सासूबाई आठवल्या. काहीच न बोललेला नवरा आठवला. हात पुसणारा डॉक्टर आठवला. तिघांची नावं त्या ओळीत सहज मावली असती. खाटेवरून सगुणाबाई बघत होत्या, खाटेजवळून मृण्मयी बघत होती, आणि कोणीच काही सुचवत नव्हतं.

शरयूताईंनी लिहिलं : सही माझी होती.